हेवीवेटच्या वयाची घाई कुणाला?

प्रश्न : विदर्भातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा 19 वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच, वजन 97 किलो. चौदाव्या वर्षापासून बॉक्सिंग करतो, राज्य स्पर्धेत पदक मिळवलंय, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात एका मॅनेजरने त्याच्यासमोर पाच वर्षांचा व्यावसायिक बॉक्सिंगचा करार ठेवला. मॅनेजरचं म्हणणं असं, की टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, हेवीवेटला (सर्वांत वरच्या वजनी गटातल्या बॉक्सरला) पंचविशीनंतर कुणी विचारत नाही, म्हणून कॉलेज सोडून आत्ताच उतरायला हवं आणि वजन 110 किलोवर न्यायला हवं. मुलाचे बाबा राजी आहेत. त्यांना स्वतःला घरच्या परिस्थितीमुळे कुस्ती सोडावी लागली होती. मुलगा रोज म्हणतो, ‘माझं वय निघून चाललंय.’ आई विचारते : अडवू की जाऊ देऊ? चार-पाच वर्षं खेळून पंचविशीच्या आत बाहेर पडला तर तब्येतीला धोका नाही ना? जाता जाता लिहिते, की गेल्या आठवड्यात स्पारिंगनंतर (सरावातल्या जोडीदाराशी लढतीनंतर) त्याचं डोकं दोन दिवस दुखत होतं, ‘पण आता बरा आहे, सरावाला जातोय.’ आणि शेवटी : मी आजवर त्याची एकही लढत पाहिलेली नाही, बघवत नाही. जावं का?

ताई,

तुम्ही करारावर पानभर लिहिलंत आणि डोकेदुखीवर एक ओळ. मी उलट क्रमाने उत्तर देते, कारण करार थांबू शकतो, डोकं थांबू शकत नाही.

आज संध्याकाळी त्याला स्पारिंग करू देऊ नका. डोक्याला मार बसल्यावर मेंदू कवटीच्या आत हलतो. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, खाली पडावंही लागत नाही. दोन दिवस टिकलेली डोकेदुखी हे त्या धक्क्याचं लक्षण असू शकतं. त्याच्या जोडीला उजेड सहन न होणं, गरगरणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड, वाचताना लक्ष न लागणं यातलं काही होतं का, हे त्याला शांतपणे विचारा. हेडगार्ड होतं ना, असं तो म्हणेल. हेडगार्डमुळे भुवई फुटणं, कान दुखावणं कमी होतं, पण आतल्या मेंदूचं हलणं त्याने थांबत नाही. मोठ्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांमधून तर 2013 पासून ते काढूनच टाकलंय.

त्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. तुमच्याकडे लगेच भेट मिळत नसेल तर आधी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे. ‘बॉक्सर आहे, स्पारिंगमध्ये डोक्याला मार बसला, त्यानंतर दोन दिवस डोकं दुखलं’ असं स्पष्ट सांगा, नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हणू नका. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून लगेच सुटलो असं समजू नका. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हा धक्का बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं न राहवणं, बोलताना अडखळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, झटका, यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

मी इतकं जोर देऊन का सांगतेय? पहिला मार पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं आहे ते बहुतेक कोवळ्या वयाच्या खेळाडूंच्या बाबतीत. म्हणजे वयाचा खरा प्रश्न इथे आहे, आणि तो मॅनेजर सांगतो त्याच्या नेमका उलटा आहे. हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबवली गेली, तर बॉक्सरला किमान 30 दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद असतं. रिंगमध्ये पंच असतो, शेजारी डॉक्टर असतो, म्हणून तो नियम लागतो. रोजच्या स्पारिंगमध्ये दोघंही नसतात. तिथे तो नियम घरच्यांना आणि कोचला मिळून लावावा लागतो.

हे झाल्याशिवाय पुढचं वाचलंत तरी चालेल, पण पुढचं ठरवू नका.

आता टायसन. मॅनेजर खोटं बोललेला नाही. माइक टायसनने 22 नोव्हेंबर 1986 ला लास व्हेगासमध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये पाडलं, तेव्हा तो वीस वर्षं आणि पाच महिन्यांचाही नव्हता. त्याच्याआधीचा विक्रम फ्लॉइड पॅटरसनचा होता. तो 1956 साली एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. मुहम्मद अली 1964 साली तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टनविरुद्ध जिंकले तेव्हा बावीसचे होते. ही तिन्ही नावं खरी आहेत. पण टायसनचा विक्रम जवळपास चाळीस वर्षं कुणाला मोडता आलेला नाही, हेही मॅनेजरने सांगायला हवं होतं. तेराव्या वर्षाच्या आसपास टायसन कस डमॅटो या प्रशिक्षकाच्या हाताखाली गेला, पुढे त्यांच्याच घरी राहिला, ते त्याचे कायदेशीर पालक झाले. विसाव्या वर्षीच्या त्या रात्रीमागे अशी अनेक वर्षांची एकाच माणसाची मेहनत होती. आणि 1990 च्या फेब्रुवारीत टोकियोला बस्टर डग्लसने त्याला दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं, तेव्हा तो फक्त 23 वर्षांचा होता. लवकर पोचलेला माणूस जास्त काळ टिकतो असं नाही.

सध्या ज्याचं नाव तुमच्या मुलाच्या मोबाइलवर सतत येत असणार तो मोझेस इटाउमा. इंग्लंडकडून खेळणारा, 2004 च्या डिसेंबरात जन्मलेला. अठराव्या वर्षी व्यावसायिक झाला, टायसनचा विक्रम मोडायचा असं उघड म्हणायचा. तो विक्रम मोडायची मुदत येऊन गेली. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये रियाधला त्याने 37 वर्षांच्या डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं. मुलगा विलक्षण आहे, त्याची लढत पाहताना मलाही भान राहत नाही. पण व्यावसायिक होण्याआधी तो 2022 चा युवा जगज्जेता होता. अठराव्या वर्षी तो रिंगमध्ये उतरला तो जगभरच्या आपल्या वयाच्या मुलांना हरवून. तुमच्या मुलाकडे राज्य स्पर्धेचं पदक आहे. ते कमी लेखत नाही, त्यामागे किती पहाटे गेल्या असतील याची मला कल्पना आहे. पण राज्य आणि जग यांच्या मध्ये राष्ट्रीय स्पर्धा आहे, राष्ट्रीय शिबिर आहे, आशियाई स्पर्धा आहे. त्या पायऱ्या वगळून जाण्याची घाई नेमकी कुणाला आहे, हा प्रश्न घरात विचारायला हवा.

‘पंचविशीनंतर कुणी विचारत नाही’ हे वाक्य तर हेवीवेटच्या बाबतीत सरळ चुकीचं आहे. अँथनी जोशुआने बॉक्सिंग सुरूच केलं अठराव्या वर्षी. पाच वर्षांत ऑलिंपिक सुवर्ण आणि 26 व्या वर्षी जगज्जेता. डिओन्टे वाइल्डर विसाव्या वर्षी पहिल्यांदा जिममध्ये गेला, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य घेऊन आला, जगज्जेता झाला तेव्हा 29 चा होता. युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक 26 व्या वर्षी व्यावसायिक झाला. म्हणजे तुमच्या मॅनेजरच्या हिशेबाने ज्या वर्षी संपायला हवं होतं त्या वर्षी त्याने सुरुवात केली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संघटना चार आहेत; चारही पदं एकाकडे आली की तो निर्विवाद जगज्जेता. मे 2024 मध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवून उसिक हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला तेव्हा 37 चा होता. जुलै 2025 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तो पुन्हा निर्विवाद जगज्जेता झाला, 38 व्या वर्षी. व्लादिमिर क्लिच्को 2006 पासून 2015 पर्यंत जगज्जेता होता आणि हरला तेव्हा 39 चा होता.

असं का होतं तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी दुसरं नाव घेऊन आलं तरी तुम्ही डगमगणार नाही. हलक्या वजनी गटांत वेग हेच भांडवल असतं. प्रतिक्रिया क्षणभर उशिरा येऊ लागली की पन्नास-पंचावन्न किलोच्या बॉक्सरची अडचण सुरू होते, आणि ती तिशीच्या आसपास येते. हेवीवेटमध्ये ठोशामागचं वजन आणि ताकद जास्त महत्त्वाची. ताकद वेगापेक्षा बरीच उशिरा उतरते. शिवाय शंभर किलोचं शरीर बारा राउंड कसं वागवायचं, दम कुठे धरायचा, कधी बिलगायचं, जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, अंतर कसं राखायचं, हे शिकायला वर्षं लागतात. मोठा, ताकदवान मुलगा तर हे आणखी उशिरा शिकतो, कारण सुरुवातीला त्याला ते लागतच नाही. एका ठोशात समोरचा पडतो. मग एक दिवस न पडणारा माणूस समोर येतो.

डॅनियल दुबुआची गोष्ट त्याला नक्की सांगा. लंडनचा मुलगा, लहानपणापासून बॉक्सिंग, 19 व्या वर्षी व्यावसायिक, एकामागून एक नॉकआउट. नोव्हेंबर 2020 मध्ये, 23 वर्षांचा असताना, तो जो जॉइसविरुद्ध लढला. जॉइस 35 चा होता आणि त्याने बॉक्सिंग सुरू केलं होतं 22 व्या वर्षी. तरुण, वेगवान, अजिंक्य दुबुआ दहाव्या राउंडमध्ये गुडघ्यावर बसला, कारण जॉइसच्या त्याच त्या जॅबने त्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. लोकांनी त्याला पळपुटा म्हटलं. माझ्या मते त्या मुलाने आयुष्यात घेतलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. डोळा वाचला, तो परत आला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये वेम्बलीवर जोशुआला पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट करून त्याने चारपैकी एका संघटनेचं (आयबीएफचं) जगज्जेतेपद राखलं. तेव्हा तो 27 चा होता. गुडघ्यावर बसता येणं हेही शिकवावं लागतं, ताई, आणि ते पैसे लावलेला माणूस शिकवत नाही.

त्याच गोष्टीची दुसरी बाजू जॉइस. कितीही मार खाऊन पुढे चालत राहणारा म्हणून त्याची ख्याती होती. 2023 मध्ये चीनच्या झांग झिलेईने त्याला एका वर्षात दोनदा हरवलं. झांग त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांपैकी वयाने लहान असलेला हरला.

म्हणून तुमच्या घरातल्या तिघांनाही मला एकच सांगायचंय : हेवीवेटची वर्षं मोजू नका, डोक्यावर बसणारे ठोसे मोजा. वर्षं त्याच्याकडे भरपूर आहेत. ठोसे सोसायची ताकद मात्र मोजकीच मिळते, आणि ती विसाव्या वर्षीही संपवता येते.

जॉर्ज फोरमन यांनी 1994 च्या नोव्हेंबरात मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये पाडून पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा ते 45 वर्षांचे होते. त्या रात्री ते गुणांवर मागे होते. लोक ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात. पण 1977 ते 1987 ही दहा वर्षं ते बॉक्सिंगपासून पूर्ण लांब होते. ज्या वर्षांत बाकीच्यांची डोकी झिजत होती, त्या वर्षांत त्यांच्या डोक्यावर एकही ठोसा पडला नाही. मला यात मोठा अर्थ दिसतो. अलींचं याच्या उलट झालं. त्यांनाही बंदीमुळे साडेतीन वर्षांची विश्रांती मिळाली होती, पण परतल्यावर ते फार मार खात लढले, आणि सरावातही जोडीदाराला मुद्दाम स्वतःला मारू द्यायचे. शेवटची लढत 1981 साली, 39 व्या वर्षी. 1984 साली पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यांच्या आजाराला किती कारणं होती यावर डॉक्टरांमध्ये चर्चा होत राहिली, पण वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरच्या मेंदूचं नुकसान होतं हे वैद्यकशास्त्राने 1928 पासून नोंदवून ठेवलंय.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते, कारण त्यातही एक गृहीतक आहे. ‘पंचविशीच्या आत बाहेर पडला तर धोका नाही ना?’ असं तुम्ही विचारता. पंचविशी ही काही सुरक्षिततेची रेघ नाही. पाच वर्षं आठवड्यातून चारदा जोरदार स्पारिंग करून चोविसाव्या वर्षी थांबलेला मुलगा, आणि बेताचं स्पारिंग करत तिशीपर्यंत खेळलेला मुलगा, यात मला पहिल्याची काळजी जास्त वाटेल. माणसाचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. म्हणजे मॅनेजर ज्या वर्षांत सगळं उरकायचं म्हणतोय, तीच वर्षं सर्वांत जपायची आहेत.

आणि इथे हेवीवेट मुलांची एक खास अडचण आहे, जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. साठ किलोच्या मुलाला जिममध्ये त्याच्या वयाचे, वजनाचे पाच जोडीदार मिळतात. नव्वद-शंभर किलोचा सोळा वर्षांचा मुलगा जिल्ह्यात एकटाच असतो. मग त्याला 26-28 वर्षांच्या दादांसमोर उभं करतात, कारण वजन जुळतं. वजन जुळलं तरी हाड, मान, अनुभव काहीच जुळत नाही. तुमचा मुलगा चौदाव्या वर्षापासून खेळतोय. तो इतकी वर्षं कुणाशी स्पारिंग करत होता? गेल्या आठवड्यात समोर कोण होतं? हे त्याच्या सरांना विचारा. चांगले सर या प्रश्नावर रागावणार नाहीत. एक वही करा : तारीख, किती राउंड, समोर कोण आणि त्याचं वय-वजन, डोक्यावर जोराचे किती बसले, रात्री झोप कशी लागली. वही मुलाने स्वतः लिहायची. दोन महिन्यांनी ती उघडून पाहिलीत की वयाच्या चर्चेपेक्षा जास्त कळेल. जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदा, बाकी दिवस पॅड, बॅग, फूटवर्क, मानेचे व्यायाम आणि ठरवून हळू हाताने केलेलं स्पारिंग, एवढं मागणं मुळीच जास्त नाही. ज्यांची तेरा-चौदा वर्षांची धिप्पाड मुलं नुकतीच बॉक्सिंगला लागलीत, त्या आईबाबांनी तर हे पहिल्याच महिन्यात बोलून घ्यावं.

वजनाबद्दल थोडक्यात. उसिकने फ्युरीला हरवलं तेव्हा त्याचं वजन साधारण 101 किलो होतं, फ्युरीचं साधारण 119. उसिक हौशी कारकिर्दीत 75 किलोपासून वर आला, शरीर वाढेल तसा, घाई न करता. हौशी बॉक्सिंगमध्ये तुमचा मुलगा आत्ताच सर्वांत वरच्या गटात आहे, व्यावसायिकमध्ये हेवीवेट 90.7 किलोच्या वर सुरू होतं. त्याला तेरा किलोची गरज नाही. जे मांस त्याच्या फुफ्फुसांना वाहावं लागेल ते तिसऱ्या राउंडमध्ये त्याचे हात खाली आणेल, आणि हात खाली आले की डोकं उघडं पडतं. आणि लेबल नसलेली पावडर, ‘रिकव्हरीचं इंजेक्शन’ असलं काही कुणी दिलं तर स्पष्ट नाही म्हणायचं. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत नाव खेळाडूचं लागतं, देणाऱ्याचं नाही.

आता करार. व्यावसायिक बॉक्सिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात होतकरू हेवीवेटचे दोन उपयोग असतात हे माहीत असू द्या. एक, त्याला सोप्या प्रतिस्पर्ध्यांशी लढवून रेकॉर्ड फुगवायचा. दुसरा जास्त भयंकर : त्याला परदेशात दुसऱ्या कुणाच्या होतकरू मुलाचा रेकॉर्ड फुगवायला पाठवायचं. जगात हेवीवेटची चणचण आहे, सहा फूट तीन इंचांचा, धडधाकट दिसणारा, अननुभवी मुलगा अशा कामाला हवाच असतो. म्हणून मॅनेजरला लेखी विचारा : पहिल्या दोन वर्षांत किती लढती, कुठे, समोर कोण, आणि प्रतिस्पर्धी नाकारायचा अधिकार मुलाच्या कोचला आहे का. मॅनेजरचा वाटा किती टक्के. लढत भरवणारा प्रमोटर आणि हा मॅनेजर एकच तर नाहीत? एकच असतील तर मुलाच्या बाजूने भाव करणारं कुणीच उरत नाही. अमेरिकेत याच कारणासाठी 2000 साली अलींच्या नावाने कायदा करून ही दोन कामं वेगळी केली गेली. त्या कायद्याचं कवच तुमच्या मुलाला इथे नाही. दरवर्षीचा मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, दुखापतीचा खर्च, विमा कुणाकडे? दुखापतीत गेलेले महिने पाच वर्षांत धरले जाणार की करार तेवढा लांबणार? मधूनच बाहेर पडायचं झालं तर काय भरावं लागेल? आणि सही केल्यावर राष्ट्रीय स्पर्धा, शिबिर, ऑलिंपिक पात्रता खेळता येईल का? उत्तरं आली की करार वकिलाला दाखवा, नात्यातला नको, करार वाचणारा हवा. पाच वर्षांचं एक वर्ष करून मागा.

कारण सही न करताही समोर रस्ता आहे, आणि तो काही आडवाटेचा नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आहे. सतीश कुमार हे ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेले भारताचे पहिले सुपर हेवीवेट, म्हणजे हौशी बॉक्सिंगच्या सर्वांत वरच्या गटातले बॉक्सर. मूळचे उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचे. सैन्यात गेले तेव्हा त्यांची ओढ कबड्डीकडे होती, उंची पाहून त्यांना बॉक्सिंगकडे वळवलं गेलं. टोकियोत उतरले तेव्हा ते 32 वर्षांचे होते, आणि चेहऱ्यावर टाके घेऊन उपांत्यपूर्व फेरी खेळले. सेनादल, रेल्वे, पोलिस यांच्यामार्फत खेळणाऱ्याला पगार असतो, डॉक्टर असतो, जोडीदार असतात, म्हणजे त्याच्याच वजनाची माणसं. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पदकांची प्रमाणपत्रं जपा, क्रीडा कार्यालयाकडून पडताळणीचे नियम आत्ताच समजून घ्या. पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट बॉक्सिंगसाठी नावाजलेली आहे. तिथे भरती कशी होते, त्याच्या वयाला काय लागू होतं, हे सरांना घेऊन एकदा जाऊन विचारून या.

कॉलेज सोडायचं नाही. यावर मी तडजोड सुचवणार नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या हरियाणातल्या झज्जरच्या सागर अहलावतने रौप्य जिंकलं. अंतिम लढतीत तो ज्याच्याकडून हरला तो इंग्लंडचा डिलिशस ओरी. ओरीने अठराव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं, सोबत विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पहिल्याच लढतीत बाहेर पडला. एप्रिल 2025 मध्ये मोठ्या प्रमोटरच्या झेंड्याखाली पहिली व्यावसायिक लढत जिंकला, आणि पुढच्याच महिन्यात, 27 व्या वर्षी, निवृत्त झाला. म्हणाला, मनातली ओढ उरली नाही. त्याला असं थांबता आलं याचं एक मोठं कारण मला त्याच्या पदवीत दिसतं. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो ओढ संपल्यावरही लढत राहतो, आणि तेव्हाचा मार सर्वांत वाईट असतो.

मुलाच्या बाबांशी भांडू नका. त्यांची सुटलेली कुस्ती या घरात अजून बसलेली आहे, ती मुलाच्या ‘वय निघून चाललंय’ मध्येही ऐकू येते. त्यांच्याकडे या विषयातलं खरं ज्ञान आहे, ते वापरा. त्यांना विचारा : तालमीत वस्ताद एकोणीस वर्षांच्या मल्लाची जोड कशी लावायचे? बाहेरून आलेला कुणी अनोळखी माणूस ‘पोरगा दांडगा आहे, आणा मोठ्या मैदानात’ म्हणाला असता तर वस्तादांनी काय केलं असतं? माझी खात्री आहे, या प्रश्नाचं उत्तर ते माझ्यापेक्षा चांगलं देतील, आणि मुलगा ते त्यांच्या तोंडून ऐकेल.

त्याला अडवायचं की जाऊ द्यायचं, असे दोनच पर्याय धरू नका. तो 19 चा आहे, कायद्याने सज्ञान आहे, तुम्ही नाही म्हटलंत तरी सही करू शकतो. म्हणून ‘नाही’पेक्षा ‘कधी’ आणि ‘कुठल्या अटींवर’ हे बोला. माझं मत विचाराल तर : आधी डॉक्टर. मग दोन वर्षं राष्ट्रीय पातळीवर हौशी बॉक्सिंग, सोबत पदवी. एकविसाव्या वर्षी पुन्हा बसा. तेव्हा त्याच्याकडे राष्ट्रीय पदक असेल तर आजच्यापेक्षा चांगला करार येईल, नसेल तर आज सही केली असती तर काय झालं असतं ते कळेल. मॅनेजर दोन वर्षं थांबायला तयार नसेल तर त्याला दुसरा मुलगा सापडेल. आणि हे पत्र वाचणारा कुणी चोवीस-पंचवीसचा, नुकतंच हेवीवेटमध्ये सुरुवात केलेला मुलगा असेल, तर त्यालाही सांगते : उशीर झालेला नाही, मात्र झालेला उशीर भरून काढायला जास्त स्पारिंग करू नकोस.

शेवटचा प्रश्न. हो, जा. पुढची लढत पाहायला जा, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरची. त्याच्या कॉर्नरच्या बाजूला बसा. ठोशाकडे पाहवत नसेल तर पायांकडे पाहा : मार बसल्यावर पाय जागच्या जागी थांबतात का, की तो बाजूला सरकतो. तिसऱ्या राउंडमध्ये हात हनुवटीजवळ आहेत की छातीपाशी आले, ते बघा. दोन राउंडच्या मधल्या मिनिटात सर काय करतात ते बघा : त्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारतात, की नुसतं ओरडतात. मार बसल्यावर लढत थांबवून पंचाने त्याच्यासमोर आठपर्यंत आकडे मोजले तर ते लक्षात ठेवा आणि रात्री वहीत लिहायला लावा. लढत संपल्यावर सरांना एकटं गाठून विचारा, ‘कुठल्या क्षणी तुम्ही टॉवेल टाकून लढत थांबवाल?’ त्यांचं उत्तर मला कळवा.